हक्कांची यादी आणि न्यायाचे दार

दिवाळीच्या फराळाशेजारी राज्यघटनेची चर्चा मांडणे हा थोडासा अरसिकपणाच होय, हे मी जाणून आहे. दारात रांगोळी, अंगाला उटण्याचा वास, हातात कुरकुरीत चकली. आणि पुढ्यातल्या अंकात मात्र कलमे, पोटकलमे आणि घटनादुरुस्त्या! वाचक दोन ओळी वाचील आणि पान उलटून पुढच्या कथेकडे वळेल, ही धास्ती मनात आहेच. परंतु हा लेख म्हणजे माझ्याकडून राहून गेलेले एक देणे आहे. ते देणे वर्गातल्या एका मुलीचे आहे. आणि मास्तराने विद्यार्थ्याचे देणे फार दिवस अंगावर ठेवू नये.

गोष्ट अशी झाली. २६ नोव्हेंबर, संविधानदिन. सकाळी प्रार्थनेनंतर मुलांनी घटनेची उद्देशिका खड्या आवाजात म्हटली. पुढचा तास नागरिकशास्त्राचा. मला हुरूप आला आणि मी फळ्यावर रेघा मारून एक कोष्टक काढले. डावीकडे देश आणि घटनेचे साल, उजवीकडे तिने नागरिकांना दिलेले हक्क. अमेरिका, फ्रान्स, १९१९ ची जर्मनी, १९३६ चा सोव्हिएत रशिया, १९५० चा भारत. इंग्लंडपुढे काय लिहावे ते सुचेना, म्हणून तो चौकोन रिकामाच ठेवला. रशियाच्या चौकोनात मात्र जागा पुरेना: काम मिळण्याचा हक्क, विश्रांतीचा हक्क, म्हातारपणी निर्वाहाचा हक्क, शिक्षणाचा हक्क, स्त्रीपुरुषांची समानता, भाषणाचे, मुद्रणाचे, सभेचे स्वातंत्र्य.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "गुरुजी, मग सगळ्यांत चांगली घटना रशियाचीच होती का? आणि इंग्लंडात माणसांना हक्कच नाहीत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि घंटा झाली. खरे सांगायचे तर त्या घंटेने माझी अब्रू राखली. कोष्टकातले प्रत्येक अक्षर बरोबर होते. तरीही त्यातून निघणारे उत्तर साफ खोटे होते. असे का व्हावे? त्या दिवसापासून जवळची पुस्तके पुन्हा काढून बसलो. त्यातून जे हाती लागले ते सरळ सांगतो.

*

आधी तो रिकामा चौकोन पाहू.

इंग्लंडची राज्यघटना विकत घ्यायला निघालेला माणूस रिकाम्या हाताने घरी येईल. त्या नावाचे एक पुस्तकच तिथे नाही. जुन्या सनदा, पार्लमेंटचे कायदे, न्यायाधीशांचे निकाल आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेली वहिवाट यांचे ते एक गाठोडे आहे. शास्त्रकार तिला अलिखित घटना म्हणतात, लवचीकही म्हणतात. कारण साध्या बहुमताने पार्लमेंट तिच्यात हवा तो बदल करू शकते.

या गाठोड्याच्या तळाशी एक सनद आहे. १५ जून १२१५ रोजी थेम्स नदीकाठच्या रनीमीडच्या कुरणात सरदारांनी जॉन राजाला कोंडीत पकडून तिच्यावर मोहोर उमटवायला लावली. तीच मॅग्ना कार्टा. देशाच्या कायद्यावाचून कोणाही स्वतंत्र माणसाला कैदेत टाकणार नाही, असे वचन तिच्यात होते. राजा वस्ताद होता. मोहोर सुकली न सुकली तोच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्याने पोपकडून ती सनद रद्दबातल करवून घेतली! पुढच्या राजांना ती पुन्हा पुन्हा मान्य करावी लागली ही गोष्ट वेगळी. पण नुसत्या वचनाची किंमत काय, हे इंग्रजांना पहिल्या अडीच महिन्यांतच कळून चुकले.

म्हणून त्यांनी वचनापेक्षा उपायाकडे लक्ष दिले. त्या उपायाचे नाव हेबिअस कॉर्पस. लॅटिन शब्दांना भिण्याचे कारण नाही. न्यायाधीश तुरुंगाधिकाऱ्याला फर्मावतो: हा माणूस देहासकट माझ्यापुढे आणून उभा कर, आणि त्याला कोणत्या कायद्याने कोंडलेस ते सांग. सांगता आले नाही तर कैदी मोकळा. १६७९ च्या कायद्याने या हुकमाला मुदत घालून दिली आणि टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड ठेवला.

याच परंपरेतली एक हकीकत मला विशेष जवळची वाटते, कारण तिचा नायक आमच्याच धंद्यातला आहे. जॉन एन्टिक हा लंडनमधला एक शिक्षक आणि लेखक. सरकारविरोधी लिखाणाच्या संशयावरून १७६२ मध्ये मंत्र्याचे जासूद त्याच्या घरात शिरले. कुलपे फोडून, कपाटे उपसून, चार तास कागद चाळून गेले. एन्टिकने त्यांच्यावर फिर्याद लावली. मंत्र्याचा लेखी हुकूम होता, असे जासुदांचे म्हणणे. १७६५ मध्ये लॉर्ड कॅम्डन या न्यायाधीशाने विचारले की, असा हुकूम देण्याची सत्ता मंत्र्याला कोणत्या कायद्याने दिली? ती कायद्याच्या पुस्तकांत सापडत नसेल, तर ती नाहीच. आणि मास्तराला ३०० पौंड भरपाई मिळाली. घराच्या पावित्र्याचा हक्क सांगणारे एकही कलम एन्टिकपाशी नव्हते. पण फिर्याद नेण्याला जागा होती.

डायसी नावाच्या पंडिताने १८८५ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवले. त्याच्या मते हेबिअस कॉर्पसचे कायदे कोणताही हक्क जाहीर करीत नाहीत, आणि तरीही स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या शंभर कलमांची किंमत त्यांना आहे.

मात्र या दाराचा कोयंडा पार्लमेंटच्या हाती आहे. दुसऱ्या महायुद्धात गृहमंत्र्याला नुसत्या संशयावर स्थानबद्ध करण्याचा अधिकार दिला गेला. मंत्र्यापाशी सबळ कारण आहे की नाही हे आम्ही तपासणार नाही, असे १९४१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले. पाच न्यायाधीशांपैकी लॉर्ड अॅटकिन एकटे विरोधात उभे राहिले. तोफांच्या गडगडाटातही कायदा मुका होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांचे सहकारी त्यांच्यावर नाराज झाले. १९७९ मध्ये मात्र त्याच न्यायपीठावरून, त्या वेळी अॅटकिनच बरोबर होते, अशी कबुली दिली गेली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

*

आता काठोकाठ भरलेला चौकोन.

सोव्हिएत रशियाची घटना ५ डिसेंबर १९३६ रोजी मंजूर झाली. तिच्यातले सामाजिक हक्क तुच्छतेने बाजूला सारण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगतो. कामाचा, विश्रांतीचा, वृद्धापकाळी आधाराचा हक्क त्या काळी फार थोड्या देशांच्या घटनेत होता. भाषण, मुद्रण आणि सभा यांचे स्वातंत्र्य १२५ व्या कलमात होते. मात्र त्याच कलमाच्या तोंडाशी, कष्टकऱ्यांच्या हिताला धरून आणि समाजवादी व्यवस्था बळकट करण्यासाठी, अशी अट होती. कष्टकऱ्यांचे हित कशात आहे हे कोणी ठरवायचे? कोर्टाने नव्हे. कायद्यांचा अर्थ लावण्याचे काम सत्तेच्याच एका मंडळाकडे होते, आणि एखादा हुकूम घटनाविरोधी ठरवू शकेल असे न्यायालय त्या विशाल देशात एकही नव्हते.

१२७ वे कलम म्हणत होते की, न्यायालयाच्या निर्णयावाचून किंवा सरकारी अभियोक्त्याच्या संमतीवाचून कोणालाही अटक होणार नाही. घटना मंजूर होऊन वर्षही झाले नव्हते तोच, १९३७ च्या उन्हाळ्यात, तिघातिघांची मंडळे जिल्ह्याजिल्ह्यांतून बसली. वकील नाही, अपील नाही, पुष्कळदा आरोपीही समोर नाही. नावांच्या याद्यांवर शिक्षा लिहिल्या जात. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना देहदंड फर्मावल्याची नोंद तिथल्याच सुरक्षाखात्याच्या दप्तरात आहे. निकोलाय बुखारिन हा ही घटना तयार करणाऱ्या समितीतला एक प्रमुख सभासद. मार्च १९३८ मध्ये त्यालाही गोळी घातली गेली. स्वतः लिहायला हातभार लावलेले कलम त्याच्याही कामी आले नाही.

म्हणजे एका चौकोनात यादी नव्हती पण दार होते. दुसऱ्यात यादी होती पण दार नव्हते. माझ्या कोष्टकात एक रकाना कमी होता, तो हा: हक्क नाकारला गेला, तर कुठे जायचे?

*

यादी आणि दार या दोहोंची सांगड अमेरिकेने घातली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला लिहिलेल्या घटनेत नागरिकांच्या हक्कांची स्वतंत्र यादी नव्हती. लोकांनी ओरड केली, आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्यांची भाषा पाहण्यासारखी आहे. आम्ही तुम्हांला हे हक्क देतो, असे त्या म्हणत नाहीत. कायदेमंडळाने अमुक करू नये, असे बजावतात. कायदेमंडळाने ते केलेच तर? घटनेत याचे स्पष्ट उत्तर नव्हते. ते १८०३ मध्ये एका क्षुल्लक खटल्यातून निघाले. विल्यम मारबरी नावाच्या गृहस्थाला एका किरकोळ न्यायाधिकाऱ्याची जागा मिळाली होती. नेमणुकीचा कागद मात्र नव्या सरकारने अडवून ठेवला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश मार्शल यांनी सांगितले की, कागद मिळण्याचा हक्क तुझा खरा. पण ज्या कायद्याच्या आधारे तू थेट आमच्याकडे आलास, तो कायदाच घटनेशी विसंगत आहे, म्हणून रद्द. दार ठोठावणाऱ्याला काही मिळाले नाही, पण दार मात्र कायमचे बसले!

यावरून अमेरिकेत सारे आबादीआबाद झाले असे कोणी समजू नये. ड्रेड स्कॉट नावाचा एक गुलाम आपल्या स्वातंत्र्यासाठी याच दाराशी गेला. १८५७ मध्ये न्यायालयाने त्याला सांगितले की, कृष्णवर्णीय मनुष्य या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. म्हणून इथे दाद मागण्याचाच तुला अधिकार नाही. दार होते, कडीही होती. पण कडी कोणी वाजवायची हे आतल्या माणसांनी ठरवून टाकले होते. गुलामगिरी घटनेतून जायला यादवी युद्ध आणि १८६५ साल उजाडावे लागले. पुढे १९४२ मध्ये, जपानशी युद्ध जुंपल्यावर, पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची पाठराखण केली. १९८८ मध्ये देशाने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले, आणि तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयाच्या तोंडून निघायला २०१८ साल लागले.

फ्रान्सची तऱ्हा आणखी निराळी. २६ ऑगस्ट १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा सतरा कलमांचा, मोठा तेजस्वी. साऱ्या जगाला त्याने जागे केले. पण स्त्रियांचे काय, असे विचारून ऑलिंप द गूज या लेखिकेने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला, आणि तिथल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ मध्ये मिळाला. पुरुषांच्या जाहीरनाम्याचे तरी काय? राज्ये आली, गेली, घटना बदलल्या, जाहीरनामा भिंतीवर राहिला. १६ जुलै १९७१ रोजी तिथल्या घटना परिषदेने त्याचा उल्लेख करणाऱ्या घटनेच्या उद्देशिकेच्या आधारे एक कायदा अडवला, तेव्हा त्याला कायद्याचे बळ आले. मधे १८२ वर्षे हे घोंगडे भिजत पडले होते!

*

या साऱ्यांत अधिक हुरहुर लावते ती जर्मनीची १९१९ ची घटना. वायमार या गावी ती तयार झाली, म्हणून तिला वायमारची घटना म्हणतात. विद्वानांनी लिहिलेली, उदार, स्त्रियांना समान मताधिकार देणारी. हक्कांचा तिचा भाग इतका विस्तृत होता की, आमच्या कोष्टकात रशियाच्या खालोखाल तिचाच नंबर लागला. सामान्य नागरिकाने थेट जाऊन हक्क मागावा असे घटनान्यायालय मात्र तिच्यात नव्हते. शिवाय ४८ वे कलम होते: सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आल्यास राष्ट्राध्यक्षाने सात मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करावेत. कोणती सात कलमे, त्यांचे आकडेही तिथेच नोंदले होते.

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये संसदेच्या इमारतीला आग लागली. हिटलर चॅन्सेलर होऊन चारच आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी एका वटहुकमावर सही केली. नेमके तेच सात आकडे त्यात होते. शरीरस्वातंत्र्य, घर, पत्रव्यवहार, भाषण, सभा, संघटना, मालमत्ता. तात्पुरते म्हणून गेलेले ते हक्क नाझी राजवट संपेपर्यंत परतले नाहीत. २३ मार्चला संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याची सत्ता सरकारच्या हाती दिली. कम्युनिस्ट सभासद तोवर तुरुंगात किंवा परागंदा होते. विरुद्ध मत देण्याची छाती फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाने दाखवली. कुंपणानेच शेत खाल्ले. आणि कुंपण घालणाऱ्यांनीच त्याला तोंड ठेवले होते.

पोळलेल्या जर्मनीने १९४९ च्या घटनेत याची आठवण ठेवली. माणसाची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे, हे तिचे पहिले कलम. आणि ते तत्त्व घटनादुरुस्ती करूनही काढता येणार नाही, अशी तरतूद तिच्यात केली. १९५१ पासून तिथला कोणीही नागरिक मूलभूत हक्कासाठी थेट घटनान्यायालयाकडे तक्रार नेऊ शकतो.

*

इतके देश हिंडून आता घरी येऊ. यादी आणि दार यांतले अंतर महाराष्ट्राला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. कोकणातल्या महाडने ते पायी चालून मोजले होते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडून मंजूर करून घेतला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपला चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. आणि तरीही तीन वर्षे त्या तळ्याच्या पायऱ्यांवर कोणा अस्पृश्याचे पाऊल पडले नाही! २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभेतली माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांवर मारहाण झाली, तळ्याची शुद्धी केली गेली, नगरपालिकेने ठरावही फिरवला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचा, तर प्रतिपक्षाने कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला, आणि लढा न्यायालयात नेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन वहिवाट सिद्ध झालेली नाही. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली.

भारताच्या घटनेतले १५ वे कलम उघडून पाहावे. धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव नको, एवढे म्हणून ते थांबत नाही. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावे घेऊन बोलते. १७ वे कलम अस्पृश्यता नष्ट करते. इंग्लंड-अमेरिकेचे हक्क मुख्यतः राजाविरुद्ध, सरकारविरुद्ध होते. आमच्या घटनेला शेजाऱ्याविरुद्धही हक्क द्यावा लागला, कारण इथे पाणवठा राजाने अडवला नव्हता.

आणि मग ३२ वे कलम. हक्क हिरावला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा हे कलम म्हणजे घटनेचा आत्मा आणि हृदय होय, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढले. समतेच्या कलमाला नाही, स्वातंत्र्याच्या कलमाला नाही, तर दाराच्या कलमाला त्यांनी हा मान दिला. महाडची दहा वर्षे ज्याने काढली, त्याला यादीचा भुलावा पडणे शक्यच नव्हते.

दाराबाहेर ठेवलेल्या हक्कांचे काय होते, याचेही उदाहरण याच घटनेत आहे, आणि ते आम्हा मास्तरमंडळींच्या जिव्हाळ्याचे आहे. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून आपण मार्गदर्शक तत्त्वे घेतली. ती सरकारने पाळावीत. पण ती मागायला कोर्टात जाता येत नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, हे वचन त्यांत होते. म्हणजे मुदत १९६० ची. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगाला लिहून दिले होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले, आणि १ एप्रिल २०१० पासून तो हक्क अमलात आला. दहा वर्षांचे वचन साठ वर्षांनी दारात पोचले. तेवढ्यात किती पोरे गुरांमागे गेली याचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार?

*

इथे लेख संपवला असता तर फराळ गोड लागला असता. परंतु आपल्या दाराचीही एक काळी रात्र आहे, आणि ती मुलांपासून लपवणे मला बरे वाटत नाही.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. दोन दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने जीवित आणि स्वातंत्र्य यांच्या २१ व्या कलमासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. हजारो माणसे चौकशीवाचून तुरुंगात गेली. त्यांनी हेबिअस कॉर्पसचे अर्ज केले, आणि अभिमानाची गोष्ट अशी की नऊ उच्च न्यायालयांनी ते अर्ज ऐकून घेता येतात असे ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने निव्वळ वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तरीही काही इलाज नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात. त्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. १९४१ च्या त्या इंग्लिश निकालाचा आधारही या खटल्यात पुढे आला होता. आणि लॉर्ड अॅटकिन यांची जागा इथे खन्ना यांनी घेतली. जीविताचा हक्क काही घटनेने दिलेली देणगी नाही. घटना नसती तरी कायद्यावाचून कोणाचा प्राण घेता आला नसता, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी लॉर्ड कॅम्डन यांनी एन्टिक मास्तराच्या बाजूने जे सांगितले, त्याच जातीचा. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना दिले गेले. खन्नांनी राजीनामा दिला.

यादी होती, दारही होते, घटना जगातल्या उत्तम घटनांपैकी होती. आणि तरी तो दिवस आला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २१ व्या कलमाचे दार आणीबाणीतही बंद करता येणार नाही अशी सोय केली. निकाल मात्र पुस्तकात तसाच राहिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरवून रद्द केला. ते शब्द ज्यांच्या लेखणीतून उतरले ते धनंजय यशवंत चंद्रचूड. त्या चौघांतल्या चंद्रचुडांचे चिरंजीव. वडिलांची चूक मुलाने न्यायासनावर बसून दुरुस्त करावी, याहून मोठे पितृऋण ते कोणते?

एक गोष्ट सांगायची राहिली. दक्षिण आफ्रिकेची १९९६ ची घटना हक्कांच्या बाबतीत आजच्या जगात फार पुढारलेली मानतात; राहत्या घराचा हक्कसुद्धा तिच्यात आहे, आणि तो न्यायालयात मागता येतो. जोहान्सबर्गच्या ज्या जुन्या तुरुंगात गांधीजींना आणि पुढे मंडेलांना कोंडले होते, त्याच्याच आवारात, पाडलेल्या कोठड्यांच्या विटा वापरून, तिथले घटनान्यायालय २००४ मध्ये उभे राहिले. त्याच न्यायालयाने २००० मध्ये आयरीन ग्रूटबूम या झोपडीवासी बाईच्या खटल्यात सरकारला सुनावले की, निवाऱ्याविना उघड्यावर पडलेल्यांसाठी तुमच्या योजनेत काहीच सोय नाही, हे घटनेला धरून नाही. जगभरच्या पुस्तकांत तो निकाल शिकवला जातो. २००८ मध्ये ती बाई वारली, तेव्हाही ती झोपडीतच राहत होती.

*

सुट्टी संपल्यावर मी वर्गात गेलो आणि फळ्यावर कोष्टक पुन्हा काढले. या वेळी रकाने तीन होते: हक्क कोणते, ते नाकारले तर जायचे कुठे, आणि तिथे ताठ उभे राहिले कोण. तिसरा रकाना कोणतीही घटना भरून देत नाही. अॅटकिन, खन्ना, महाडला पाणी प्यायलेली नाव नसलेली माणसे, ती त्या त्या वेळी उभी राहिली म्हणून तो भरला. मुलीला सांगितले, "बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता, माझे कोष्टक अपुरे होते."

ती जरा वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, आपलं ते दार आपल्या गावापासून किती लांब आहे?"

दिल्ली हजार मैलांच्या घरात, मुंबई एका रात्रीच्या प्रवासावर, असे सांगून मी गप्प बसलो असतो. परंतु एक आठवण वेळेवर धावून आली. मुंबईच्या कोठड्यांत स्त्री कैद्यांना मारहाण होते, असे पत्र शीला बारसे या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले होते. न्यायालयाने ते पत्रच अर्ज मानले, आणि १९८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांच्यावर स्त्री पोलिसांचा पहारा आणि गरीब कैद्यांना मोफत वकील यांचे आदेश दिले. ही हकीकत मी वर्गाला सांगितली. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, गरिबाला आणि कोणत्याही बाईला तिथे फुकट वकील मिळतो, हेही सांगितले.

मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतले. तास संपल्यावर सहज वाकून पाहिले. कोष्टक तिने उतरवलेच नव्हते. कोपऱ्यात फक्त एवढे होते: तालुका कोर्ट, विधी सेवा समिती, आईला सांगणे.